बार्बराबायच्या दारातलं नवं

हळवं भात कापायला आलं की आमच्या फोंडाघाटात हवेचा वासच बदलतो. पावसाळाभर सगळ्याला ओल चिकटलेली असते. कपड्यांना, पापडांना, माणसांच्या बोलण्यालासुद्धा. मग आश्विनात एका सकाळी दार उघडावं, तर दवात भिजलेल्या गवताचा, कापलेल्या भाताचा, कुणीतरी अंगणात पसरलेल्या पेंढ्याचा असा एक कोरडा गोडसर वास येतो. या वासाने मला भूक लागते. लहानपणी लागायची आणि आता साठी उलटली तरी लागतेच. पण अलीकडे त्या वासामागून आणखी एक वास येतो, जो इथला नाही. उकळत्या कॉफीचा, तव्यावर तडतडणाऱ्या चरबीचा, आणि त्या दोन्हींवर चढून बसलेला, नासक्या कोबीसारखा, कागदाच्या कारखान्याचा. फोंडाघाटच्या खानावळवालीला भात कापणीच्या दिवसांत अमेरिका आठवते, असं सांगितलं तर लोक हसतील. हसोत बापडे.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी लेकीच्या बाळंतपणाला तिकडे होते. आपल्याकडच्या आया जातात तशीच गेले, बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा घेऊन, आणि डोक्यात उंच उंच इमारती घेऊन. उतरले ते भलत्याच गावात. ते लोक त्याला शहर म्हणतात, पण आपल्या कुडाळच्या बाजारातून हिंडलेल्या माणसाला ते शहर म्हणणं जड जाईल. एक नदी, तिच्यावर एक लोखंडी पूल, एक लांबलचक रस्ता आणि नदीच्या काठाला तो कागदाचा कारखाना. जावई तिथेच इंजिनियर होता. नाव सांगून उपयोग नाही; नकाशावर बोट ठेवलं तर गाव बोटाखाली झाकून जातं.

त्या गावाचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की एका बाजूने डबे घेतलेली माणसं आत जायची आणि दुसऱ्या बाजूने पडलेल्या खांद्यांची माणसं बाहेर यायची. मला ते बघून फार बरं वाटायचं. कारण आमच्या फोंड्याचं घड्याळही असंच, फक्त आमचा भोंगा म्हणजे घाट उतरून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न. शेवटच्या वळणावर हॉर्न वाजला की माझ्या सासूबाई पानं मांडायला घ्यायच्या. कोल्हापूरहून गूळ, भाजी, कांदे घेऊन उतरलेले ड्रायव्हर तापलेल्या ब्रेकांचा जळका वास अंगावर घेऊनच आत यायचे आणि खाली वाकून हात धुवेपर्यंत त्यांच्या पानात भात पडलेला असायचा. सासूबाईंनी ती खानावळ उभी केली आणि जाताना माझ्या गळ्यात घातली. मी कुरकुरत घेतली, आणि मग तिच्यावाचून मला चैन पडेना.

यंदा मात्र हॉर्न वाजत नाही. पावसात घाटात दरड आली, रस्ता खचला, आणि मोठ्या गाड्या दुसऱ्या घाटाने वळवल्या. दुरुस्ती चालू आहे म्हणतात. श्रावणात सुरू झाली, गणपती आले आणि गेले, नवरात्र बसलं, दुरुस्ती आपली चालूच. समोरून पिवळी यंत्रं धूळ उडवत जातात. डोक्यावर पिवळ्या टोप्या घातलेली विजापूरकडची माणसं रस्त्याच्या कडेला बसून कोरडं काहीतरी चावत असतात. माझ्या मोठ्या पातेल्यावर मी पालथी परात घालून ठेवली आहे. आणि आमचे हे, ज्यांनी आयुष्यात कधी कशाची घाई केली नाही, ते रोज सकाळी चहाबरोबर एकच विषय काढतात. एक मोबाईलवाला दुकानासाठी आमचा खानावळीचा गाळा भाड्याने मागतो आहे.

"नव्याचे पुनवेच्या आदी काय तां ठरय," हे म्हणाले. "तो दुकानवालो थांबाचो नाय. आनी एकदा चुलीक नवां बांधलंस काय तू माजा कायच ऐकाची नाय."

यांचं म्हणणं कळायला आमच्या घरातली रीत सांगायला हवी. नवं म्हणजे नव्या पिकाचं पहिलं कणीस. आश्विनातल्या पुनवेला शेतातून भाताच्या लोंब्या आणायच्या, आंब्याच्या पानात कुरडूच्या फुलाबरोबर धरायच्या, दोऱ्याने आवळायच्या आणि जे जे आपल्याला पोसतं त्याला बांधायच्या. दाराला, तुळशीला, विहिरीला, नांगराला, आता मोटरसायकलला आणि पाण्याच्या पंपालाही. ही रीत सगळ्या मुलखाची. पण माझ्या सासूबाईंनी तिला आपलं एक शेपूट जोडलं होतं. ज्याला नवं बांधलं ते वर्षभर चालवायचं. मध्येच बंद पाडायचं नाही, रुसून नाही, कंटाळून नाही. पुढच्या वर्षी वाटलं तर बांधू नये. पण बांधलं की वर्ष त्याचं. त्यामुळे खानावळीच्या चुलीला नवं बांधायचं की नाही, हाच यंदाचा आमच्या घरातला खरा प्रश्न होता. माझा जीव त्यात अडकला होता आणि मी ते कबूल करायला तयार नव्हते.

तिकडे, त्या गावात, या नव्यानेच माझी फजिती केली.

बाळ झोपलं की लेक मला फिरायला पिटाळायची. मी साडीवर जावयाचं जाकीट आणि पायात लेकीचे बूट घालून निघायची. झाडांनी तेव्हा नुसता धुमाकूळ घातलेला. लाल, शेंदरी, पिवळी पानं. आणि ती वाळून पायाखाली आली की त्यांचा थोडा चहाच्या चोथ्यासारखा वास यायचा. अशीच एकदा मोठ्या रस्त्याला लागले, तर पुलाजवळच्या एका खानावळीच्या दाराला मक्याच्या कणसांची जुडी बांधलेली. पिवळीधमक, लाल फितीने आवळलेली, आणि खाली पायरीवर भोपळे. मी जागच्या जागी उभी राहिले. हजारो मैलांवर नवं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. परक्या मुलखात इतके दिवस मी जे धरून ठेवलं होतं ते त्या दारात सैल झालं.

आता नवं बांधलेल्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हे मला कुणी सांगायला नको. दुसऱ्या सकाळी मी लेकीच्या स्वयंपाकघरातला नारळ घेतला. तिथला नारळ म्हणजे टकला, शेंडी नावालाही नाही. शेंडीशिवाय नारळ वाढवायला माझं मन धजेना, पण म्हटलं देवाला अमेरिकेतलीही अडचण कळत असेल. पायरीशी उभी राहिले, हात जोडले, आणि कडेच्या दगडावर फटकन नारळ फोडला.

आतले सगळे बाहेर आले. शाळेच्या पिवळ्या बसची ड्रायव्हरबाई आली, टपाल वाटणारा आला, आणि त्यांच्या मागून एप्रनला हात पुसत एक उंच, पांढऱ्या केसांची बाई. तिचं नाव बार्बरा. तिला वाटलं, या बाईला नारळ फोडता येत नव्हता म्हणून ती मदत मागायला आली आणि वाटेतच तो पडला. तिने दोन्ही भकलं उचलली, माझा दंड धरून मला आत नेलं, टेबलाशी बसवलं आणि न विचारता पुढ्यात अंडी आणि बटाटे ठेवले. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, नवा भात? तिने मान हलवून आणखी बटाटे आणले.

घरी येऊन सांगितलं तर लेकीने कपाळावर हात मारला.

"आई गो, तां नवां नाय. हय दारात शोभा म्हणान लावतत. दुकानात मिळता. पिलास्टिकचा."

"पिलास्टिकचा? मगे हेंका कळता कसा, पीक घरात इला तां?"

लेक हसत सुटली, बाळ जागं झालं, आणि मी दोन दिवस त्या रस्त्याला गेले नाही. लाज वाटली. प्लास्टिकपुढे नारळ फोडणारी मीच पहिली असेन.

तिसऱ्या दिवशी बार्बराच लेकीच्या दारात हजर. टपालवाल्याने घर सांगितलं होतं. माझं भांडं परत द्यायला आले म्हणाली; भांडं म्हणजे नारळाची करवंटी, घासूनपुसून स्वच्छ केलेली. लेकीने तिला सगळं समजावलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. दाराशी उभ्या उभ्याच तिने विचारलं, "खरं असतं तर तुम्ही काय करता?" मी सांगितलं तेवढं लेकीने सांगितलं. दार, चूल, विहीर, नांगर. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, उद्या सकाळी या, भोंग्याच्या आधी.

गेले तर टेबलावर मक्याची खरी कणसं, सालांसकट. तिला अंडी पुरवणारा शेतकरी घेऊन आला होता. आंब्याचं पान नव्हतं, म्हणून आम्ही रस्त्यावरची लाल पानं घेतली. ती दुमडताना फाटायची आणि मी शिव्या द्यायची, ज्या त्यांना कळत नव्हत्या. दोरा आणला हॅरीने. हॅरी म्हणजे कारखान्यातल्या कागदाच्या मोठ्या यंत्रावरचा म्हातारा कामगार. मिसरूड फुटल्यापासून त्याच एका यंत्रावर, असं बार्बरा सांगायची. कागदाच्या कडांनी कापून कापून त्याच्या बोटांवर पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. कारखान्यात गठ्ठे बांधतात तो निळा, चिवट दोरा त्याने खिशातून काढला आणि आम्ही बांधायला बसलो. दाराला, तव्याला, कॉफीच्या यंत्राला. ड्रायव्हरबाईने आपल्या बसच्या आरशाला बांधून घेतलं. टपालवाल्याला आधी ते नियमात बसेल का अशी शंका होती, मग त्यानेही नेलं.

हॅरीने सगळ्यात शेवटी मागितलं. यंत्राला बांधीन म्हणाला.

आणि मी, कौतुकाने, सासूबाईंचं शेपूट सांगून बसले. ज्याला बांधलं ते वर्षभर चालवायचं. सगळ्यांनी एकदम आपापल्या कपात बघितलं. मला काय माहीत. कारखाना बंद होणार अशी कुजबुज त्या गावात उन्हाळ्यापासून होती. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. हॅरीने कणीस हातात फिरवलं. "यंत्राचं माझ्या हातात नाही," तो म्हणाला, "पण बांधतो." त्याने ते जेवणाच्या डब्यात जपून ठेवलं आणि भोंगा झाला तसा गेला. मला फार वाईट वाटलं. बार्बरा तव्याकडे बघत म्हणाली, "माझं माझ्या हातात आहे. वर्षभर चालवीन."

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. त्या खानावळीत भिंतीवर ओळीने खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेकाचा कप. रोज येणाऱ्या माणसाने आपला कप स्वतः काढून घ्यायचा. आमच्याकडे ड्रायव्हर आपापल्या खिळ्याला टॉवेल अडकवायचे तसंच. रात्रपाळीची माणसं उजाडताना जेवायची आणि दिवसपाळीची त्यांच्याच शेजारी बसून न्याहारी करायची. एकाचा दिवस संपलेला, एकाचा सुरू होतोय, आणि बोलणं मात्र एकच, पाऊस, मुलं, गुडघे. मला बोलणं अर्धंमुर्धं कळायचं. पण ताट पुढे आलं की माणसाचा चेहरा कसा सैल होतो ते मला कळत होतं, ते कळण्यातच माझी हयात गेली. मी मागे जाऊन कांदे चिरून द्यायची. एकदा बार्बराला घावणे करून दाखवले. तिने त्यावर गोड पाक ओतला आणि मी दुसरीकडे बघितलं. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला खुंटीवरचा एक कप दाखवला. त्यावर माझं नाव लिहिलेलं. मी तिला बार्बराबाय म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढच्या उन्हाळ्यात कारखाना बंद झाला. लेक-जावई दुसऱ्या राज्यात गेले. हॅरी मुलाकडे राहायला गेला, दूर, जिथे बर्फ पडत नाही. हे सगळं लेक सांगायची आणि मी विचारायची, बार्बराबायचं काय? ती म्हणायची, चालू आहे. वर्ष सरलं तेव्हाही चालू होती. गेल्या आश्विनात तिने नवी कणसं बांधल्याचा फोटो धाडला. मला वाटलं, कोण खात असेल तिथे? पण विचारायचा धीर झाला नाही, कारण तेव्हा माझी खानावळ भरलेली होती. भरल्या घरातून रिकाम्या घराची विचारपूस करणं मला जमत नाही.

यंदा धीर झाला. दसरा झाला, पुनव तोंडावर आली, आणि घरात आम्ही दोघं एकमेकांशी फक्त मिठा-साखरेपुरतं बोलत होतो. त्यात दुपारी रस्त्याच्या कामावरचा मुकादम दारात आला. "मावशी, पाणी मिळंल का?" मी पाणी दिलं. पाण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. पण बस म्हटलं नाही. त्याने आत डोकावून पालथी परात बघितली आणि विचारलं, "जेवाण बंद केलं व्हय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा रस्ता अडवून बसलेला माणूस मलाच विचारतोय. "तुमीच बंद केल्यात," मी म्हटलं आणि तांब्या उचलून आत गेले.

त्या संध्याकाळी मी बार्बराबायला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळ होती. मागे तवा तडतडत होता, आणि मला इथे बसून वास आला. खुंट्या बऱ्याच रिकाम्या झाल्या होत्या. माझा कप होता. पण टेबलांशी माणसं बसलेली, दणकट, अनोळखी, डोक्यावर तशाच पिवळ्या टोप्या. मी विचारलं, ही कोण?

"कारखाना मोडायला आलेत," ती म्हणाली. "यंत्रं सुटी करून नेतात."

मग मी माझ्या इंग्रजीत, जसं आलं तसं, विचारलं की ज्यांनी हॅरीचं यंत्र मोडलं त्यांना तू अंडी वाढतेस? तुला राग येत नाही?

"पहिल्या दिवशी आला," ती म्हणाली. "मी दार लावून घेणार होते. पण थंडी होती आणि ती घरापासून लांब आहेत. बंद त्यांनी नाही केलं. त्यांना नुसती भूक लागली होती."

मग तिने फोन काउंटरकडे नेला. गल्ल्याशेजारी एका बशीत मक्याचं एक कणीस होतं. वाळून पार तपकिरी झालेलं, दाणे अर्धे गळालेले, पान तर केव्हाच चुरा होऊन गेलेलं. पण निळा दोरा तसाच. तिकडे कोपऱ्यात बसलेल्या लाल दाढीच्या माणसाकडे तिने बोट केलं. यंत्र सुटं करताना त्याला हे आत बांधलेलं दिसलं. तोडून फेकावं तर गाठ इतकी नीट मारलेली की त्याच्याने फेकवेना. त्याने ती हाताने सोडवली, कणीस खिशात घालून आणलं आणि न्याहारीच्या वेळी विचारलं, हे कुणाचं आहे, तुमच्यापैकी कुणाचं असेल तर ठेवा. त्याने मला हात हलवला. मीही हलवला. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

फोन ठेवला तेव्हा हे दारात उभे होते. किती ऐकलं कुणास ठाऊक. इंग्रजी त्यांना माझ्याहून कमी येतं, पण माझं तोंड त्यांना वाचता येतं.

"काय ठरलां?" त्यांनी विचारलं.

"मोबाईलवाल्याक सांगा, पुढच्या वर्साक बघूया."

सकाळी उठून बघते तर हे कधीच शेतात जाऊन आलेले, पायाला चिखल, आणि ओट्यावर लोंब्यांची जुडी, आंब्याची पानं, कुरडूची फुलं. एवढी लगबग यांनी लग्नातही केली नव्हती. मी परात सरळ केली, पातेलं घासलं, आणि चुलीला नवं बांधलं. बांधताना सासूबाई आठवल्या, बार्बराबाय आठवली, आणि हॅरीच्या बोटांवरच्या पांढऱ्या रेघाही.

"आता वायच घाटाकडे जावा," मी यांना म्हटलं. "त्या मुकादमाक सांगा, दुपारी पानां वाढतंय. सगळ्यांका घेवन ये म्हणा."

"ज्येंच्यार काल चिडलंस त्येंका?"

"त्येंकाच. जावा मुकाट्यान."

दुपारी ती सगळी आली. पायऱ्यांवर टोप्या काढून ठेवल्या, विहिरीवर हात-तोंड धुतलं, आणि लाजत लाजत बसली. नव्या भाताची पेज, मग भात, कुळथाची पिठी, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. आमच्या तांबूस भाताकडे त्यांनी आधी संशयाने पाहिलं. मग बोलणं थांबलं, आणि जेवणाऱ्या माणसांचा तो आवाज सुरू झाला जो मी श्रावणापासून ऐकला नव्हता. धूळ आणि डिझेलचा वास भाताच्या वासात मिसळला. मला तो अजिबात वाईट वाटला नाही.

जेवण झाल्यावर मुकादम चुलीकडे बघत उभा राहिला. "मावशी, हे काय बांधलंय?" मी सांगितलं, सासूबाईंच्या शेपटासकट. त्याने मान डोलावली, बाहेर उभ्या असलेल्या आपल्या पिवळ्या यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग आमच्याबी मशिनीला बांधा की एक. त्याच्यावरच आमचं पोट हाय."

माझा हात लोंब्यांवर थबकला. त्या यंत्राला नवं बांधायचं म्हणजे ते वर्षभर चालणार. आणि ते चाललं तर माझा घाट उघडायचा कधी? हे माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायला लागले. मी उरलेल्यातली चांगली टपोरी लोंबी निवडली, पानात धरली, बाहेर गेले आणि यंत्राच्या दांडीला घट्ट गाठ मारली.

"वर्सभर चलांदे," मी मुकादमाला म्हटलं, "पण दिवाळीनंतर दुसऱ्याच्या घाटात. आनी तवसर रोज हय जेवाक येवा."